सरासरीआधी हजेरीपट उघड

प्रिय बेटा,

केंद्रप्रमुख म्हणून रुजू झालीस, आसपासच्या शाळांची देखरेख आता तुझ्याकडे, आनंद वाटला. आता सत्राअखेरच्या संकलित चाचणीचा शाळानिहाय तक्ता तुझ्याकडे येईल आणि तळाच्या शाळांच्या शिक्षकांकडून खुलासा मागव, असं वरून सांगितलं जाईल. त्याआधी त्या वर्गांचा पट बघ.

दहा मुलांचा वर्ग धर. आठ जणांना ५० पैकी ३०-३० गुण. दोघं आईबापासोबत कापूस वेचायला गेलेली, दिवाळीनंतर वर्गात फारशी नव्हतीच, त्यांना ५-५. सरासरी आली २५. हीच दोघं पेपरच्या दिवशी गैरहजर असती तर सरासरी ३० झाली असती. म्हणजे ज्या बाईंनी तांड्यावर जाऊन पोरांना पेपरला आणून बसवलं, त्यांचाच वर्ग ६० टक्क्यांवरून ५० वर आलेला दिसतो. सरासरीवर मास्तर तोलायला लागलीस, की पुढच्या चाचणीला कच्ची पोरं नेमकी घरी राहतील. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण चाचणीची खरी गरज त्यांनाच आहे.

म्हणून मुलागणिक रकाने आख: वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचे गुण, आताचे गुण, हजर दिवस, घरची बोली. कोलामी, गोरमाटी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातल्या दुसरीच्या मुलाला गणित येत असूनही शाब्दिक उदाहरणाची मराठी अडवते. शिक्षक निवडणुकीच्या कामाला किती दिवस बाहेर होते, ते हालचाल रजिस्टरमध्ये सापडेल. द्विशिक्षकी शाळेत एक जण गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. आणि पाचवीतल्या मुलाच्या गुणांत आधीच्या चार वर्षांचं शिकवणंही असतं, तेही धर.

अमेरिकेत गुणांवरून शिक्षक मोजण्याचे बरेच प्रयोग झाले. तिथल्या सांख्यिकी संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं, की बहुतेक अभ्यासांत मुलामुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकाचा वाटा १ ते १४ टक्केच निघतो. उलट आंध्रच्या ग्रामीण शाळांत गुणवाढीवर बोनस दिला, तेव्हा मुलांचं गणित आणि भाषा खरंच सुधारली. पण तिथे मोजली होती ती आधीच्या पातळीवरून झालेली वाढ, आणि चाचणी घेणारे बाहेरचे होते. आपल्याकडे बहुतेक वेळा पेपर घेणारा, तपासणारा आणि गुण भरणारा एकच असतो. त्यावर कारवाई लटकवलीस तर गुण वाढतील, वाचन नाही.

शिक्षकाचं काम बघायचं तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागव. ४०२ − १७८ हे उदाहरण घे. उत्तर २२४. एखाद्याने ३७६ लिहिलं असेल, तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय: ८ तून २, ७ तून ०, ४ तून १. एकाचंच असं झालं असेल तर त्या मुलाकडे बघ. अर्ध्या वर्गाने ३७६ लिहिलं असेल, तर हातचा घेणं शिकवण्यातच काहीतरी राहिलंय. हे मात्र शिक्षकाशी बोलायचंच. तुराटीच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे आणि त्यांचे शंभराचे भारे घेऊन बस. शंभराचा एक भारा सोडून दहा गठ्ठे, त्यातला एक गठ्ठा सोडून दहा काड्या, असं मुलांच्या हातून करवून घ्या. मधल्या शून्याची अडचण तिथेच सुटते.

वाचन एकेका मुलाला जवळ बसवून ऐक: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जूनअखेरीस अक्षरावर अडलेलं पोरगं मार्चमध्ये शब्द वाचत असेल, तरी तिसरीच्या पेपरात त्याला दोन्ही वेळा शून्यच पडू शकतं. ती वाढ शेरेबहीत नावानिशी लिही.

आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, शाळांची नावं घेऊन तक्ता वाचू नको. ३७६ वाली उत्तरपत्रिका मुलाचं नाव झाकून सगळ्यांसमोर ठेव आणि पोराने असं का केलं असेल, एवढंच विचार.

तुझ्या कामाला आशीर्वाद.