जर्मनीत नोकरीवरून काढता येत नाही, हे अर्धसत्य

श्टुटगार्टजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्याला दोन वर्षांच्या मुदतीचा करार देऊ केला आहे. त्यावर आपण दोन प्रश्न विचारले आहेत. जर्मनीत कोणालाही नोकरीवरून काढता येत नाही असे म्हणतात ते खरे आहे का, आणि तिथल्या कामगार संघटनेचे सभासद झाल्यास व्हिसा अडचणीत येतो का? मी याच भागात आणि याच उद्योगात सात वर्षांपासून आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. संघटना करण्याचा हक्क जर्मन राज्यघटनेच्या नवव्या कलमातच दिलेला असून तो परदेशी कामगारालाही तितकाच लागू आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या करारात दडलेले आहे.

दोन वर्षांच्या करारात कोणी कोणाला काढण्याचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण मुदत संपली की नोकरी आपोआप संपते. नोटीस नाही, कारण नाही, भरपाईही नाही. कोणतेही विशेष कारण न देता असा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा करता येतो, आणि त्या दोन वर्षांत त्याला फार तर तीनदा मुदतवाढ देता येते. मुदत संपण्यापूर्वी नोटीस देऊन काढण्याची मुभा करारात लिहिली असेल तरच कंपनीला ती मिळते, म्हणून ‘क्युंडिगुंग’, म्हणजे नोटीस देऊन नोकरी संपवणे, हा शब्द ज्या कलमात असेल ते कलम दोनदा वाचावे. कायम नोकरीचा करार देता येईल का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. माझ्या माहितीतल्या दोघांना नुसते विचारल्यावर तो मिळाला. आणि मुदतीचाच करार घ्यायचा असेल, तर कामाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या असाव्यात, अशी कायद्याची अट आहे.

कायम नोकरीतही संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळत नाही. दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत सलग सहा महिने पूर्ण झाल्यावरच नोकरी-संरक्षण कायदा लागू होतो. बहुतेक करारांत तेवढाच प्रोबेशनचा काळ असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांची नोटीस पुरते. त्यानंतर काढायचे झाल्यास कारण द्यावे लागते. मंदी किंवा पुनर्रचना हेच कारण असेल, तर कोणाला काढायचे हे ठरवताना सेवेची वर्षे, वय, अवलंबून असणारी माणसे आणि गंभीर अपंगत्व यांचा विचार करावा लागतो. हे न्याय्यच आहे, पण नव्याने आलेला, तरुण आणि एकटा परदेशी माणूस या चारही मोजमापांत मागे पडतो, हे मला इथे येण्यापूर्वी कोणीही सांगितले नव्हते.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी विद्युत वाहनांमुळे आमच्या विभागाचे काम घटले. एका गुरुवारी दुपारी मनुष्यबळ विभागाने मला बोलावले. टेबलावर दोन पानांचा कागद होता, त्यावर उघडे पेन ठेवलेले होते आणि शेजारी पाण्याचा पेला. परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा तो करार होता. त्याला इथे ‘आउफहेबुंग्सफरत्राग’ म्हणतात. तीन महिन्यांचा पगार मिळणार होता आणि ‘आजच निर्णय झाला तर बरे’ असे अत्यंत सौजन्याने सांगितले गेले. मी पेन हातात घेतलेही होते. पण ‘बेट्रीब्सराट’ची, म्हणजे आस्थापनेतल्या कामगारांनी निवडून दिलेल्या समितीची, एक सदस्य मला आधी एकदा म्हणाली होती की, कागद कोणताही असो, तो घरी नेऊन वाचावा. मी तेवढेच केले. सही केली असती तर नोकरी मी स्वतःहून सोडली असे धरून बेकारी भत्ता साधारणपणे १२ आठवडे रोखला गेला असता, आणि न्यायालयात जाण्याचा मार्गही जवळजवळ बंद झाला असता.

पुढे रीतसर नोटीस आली. ती कागदावर आणि हाताने केलेल्या सहीचीच असावी लागते. ईमेलने आलेली नोटीस ग्राह्य नाही. कोणत्याही नोटिशीपूर्वी बेट्रीब्सराटचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे, अगदी प्रोबेशनमध्येही. तसे न केल्यास नोटीस रद्दबातल ठरते. दावा मात्र नोटीस हातात पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दाखल करावा लागतो. ही मुदत चुकली की चुकीची नोटीसही बरोबर ठरते. मी अठराव्या दिवशी दावा दाखल केला. पहिल्या, तडजोडीच्या सुनावणीला जेमतेम पंधरा मिनिटे लागली आणि आधीच्या प्रस्तावापेक्षा बऱ्याच चांगल्या अटींवर प्रकरण मिटले. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, पण केलात तर जिंकल्यावरही त्याचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. माझा तो खर्च संघटनेने उचलला.

म्हणूनच इगे मेटाल या संघटनेचे सभासदत्व रुजू झाल्या झाल्या घ्यावे. वर्गणी एकूण पगाराच्या एक टक्का असते आणि कायदेशीर मदत साधारण तीन महिन्यांच्या सभासदत्वानंतर मिळते. संकट आल्यावर नाव नोंदवण्यात अर्थ नाही. संघटनेचे बळ किती, हे फोक्सवागनमध्ये दिसले. १९९४पासूनची नोकरीची हमी कंपनीने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केली. वाटाघाटी आणि इशाऱ्याच्या संपांनंतर डिसेंबरमध्ये समझोता झाला, तो २०३०पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करण्याचा. पण सक्तीने कोणालाही न काढता. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांत मात्र इतकी ताकद क्वचितच असते, आणि आपण तशाच एका कंपनीत येत आहात.

नोकरी गेलीच, तर आपल्यासाठी आणखी दोन मुदती आहेत. नोकरी संपणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करावी लागते (आधीच पुरेसा काळ हातात असेल, तर शेवटच्या दिवसाच्या तीन महिने आधी), आणि नोकरी मुदतीपूर्वी संपल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते. बेकारी भत्ता मात्र मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचा हप्ता भरलेला असेल तरच मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षात काही बिघडले, तर हातातल्या शिलकीवरच राहावे लागेल. येताना निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतके युरो वेगळे ठेवूनच यावे.