बायकोसाठी रिव्हॉल्व्हर विचारणाऱ्या भावाला

भावा, तू विचारलंस: टेक्सासला निघालोय, माझी नाईट शिफ्ट, बायको घरी एकटी, तिच्या मनगटात जोर नाही, तर कमी धक्क्याच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या कुठल्या घेऊ? कोल्हापूरच्या राजारामपुरीतला आहेस म्हणालास, म्हणून बसले लिहायला. व्हिसा, घरभाडं, बँक यांचं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते वाच.

आधी हे ऐक. तू नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आणि ती जोडीदाराच्या एच-फोरवर असताना बंदूक सोडच, गोळ्यांचा डबाही घेता येत नाही. केंद्राचा कायदा आहे. शिकारीच्या लायसन्सची पळवाट आहे, पण दुकानात बंदूक घेताना 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा. आम्ही ग्रीन कार्डाची अकरा वर्षं वाट बघितली. त्यात माझ्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं ‘स्त्री’. बाबांनी भर पावसात कचेरीत सात चकरा मारल्या. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. तो राग अजून आहे.

कार्ड आलं त्याच महिन्यात नवऱ्यानं रिव्हॉल्व्हर आणली. दुकानदार म्हणाला, लेडीजसाठी छोटी, हलकी. सव्वाचारशे ग्रॅमची. तिथंच फसलो. बंदूक जितकी हलकी तितका धक्का हाताला जास्त. जादा दाबाच्या प्लस-पी गोळ्या भरल्या आणि पहिल्याच बाराला अंगठ्याच्या बेचक्यातलं सालटं निघालं. दुसऱ्या बाराआधीच डोळे मिटले, गोळी जमिनीत.

मग रेंजवरच्या एका म्हातारीनं मला .38 स्पेशलच्या वॉडकटर दिल्या. 148 ग्रेन, शिशाची, तोंड सपाट, काडतुसाच्या काठापर्यंत आत बसलेली. बघून वाटतं टोक मोडलंय. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप; जुना एक तोळा म्हणजे 180 ग्रेन, त्यावरून अंदाज घे.) टार्गेटसाठी बनवलेली, वेग कमी, म्हणून धक्का सौम्य. हॉलो पॉइंट म्हणजे पोकळ टोकाची, लागल्यावर उमलणारी गोळी; दोन इंची नळीतून कमी वेगाची ती पुष्कळदा उमलतच नाही. वॉडकटरला उमलायचंच नसतं, सपाट तोंडानं ती स्वच्छ भोक पाडते. तोटा एकच, टोक नसल्यानं घाईत भरताना अडखळते. आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतुसं भरलीस तर धक्क्यानं उरलेल्यांतली गोळी पुढं सरकून सिलिंडर अडकू शकतो, हे दुकानदार सांगत नाही.

तर ग्रीन कार्ड आल्यावर घ्यायचीच झाली, तर पोलादी, जड .38 आणि वॉडकटर. नाहीतर .32 स्मिथ अँड वेसन लाँग, आपल्याकडे परवान्यावर मिळते तीच .32, धक्का आणखी कमी. .22 नको. राही सरनोबतनं 2018 ला एशियाडचं सोनं .22 वरच आणलं, कोल्हापूरकर म्हणून छाती फुगते, पण ते काडतूस कधीकधी उडत नाही, आणि तसल्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगरही जड असतो.

एकटेपणाचं विचारलं नाहीस, बरं केलंस. होतं, सवय होते.

शाळेचं मात्र सांगते. लेक पहिलीत होती. इथं शाळेत बंदूकवाला घुसला तर लपायचं कसं, याची तालीम घेतात. घरी येऊन म्हणाली, “आई, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो, बंदूकवाला येतो तसं. मी सगळ्यात शांत बसले.” टीचरनं दिलेला स्टिकर तिनं कपाळावर लावला होता, टिकलीसारखा. मी तिला पोहे करून दिले आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. तिला काय बोलायचं होतं, ते अजून सुचलेलं नाही. आणि रिव्हॉल्व्हर तेव्हाही घरातच होती.

आता ती कुलपाच्या पेटीत असते. नवरा टूरवर गेला की रात्री मी पेटी उघडत नाही, रंकाळ्याजवळच्या घरी आईला फोन लावते. तिथं सकाळ असते, दूधवाला आलेला असतो, आई म्हणते, थांब, पातेलं घेते.

तुझ्या बायकोनं स्वतः बंदूक मागितली का रे? मला कुणी विचारलं नव्हतं.