फाउंडेशनला गेलेल्या मुलीसाठी आणि माझ्या वॉटरकलरच्या वर्गासाठी चित्रकलेचं साहित्य कोणतं घ्यावं?

तुमच्या प्रश्नात दोन गिऱ्हाइकं आहेत. एक, यंदा फाउंडेशनला, म्हणजे कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्षाला, प्रवेश घेतलेली मुलगी. दुसरे, संध्याकाळच्या वॉटरकलरच्या वर्गाला नाव घातलेले तुम्ही. दुकानदाराने दोघांत मिळून लाकडी पेटीतला एक मोठा सेट सुचवलाय, तो घ्यावा का, असं विचारताय.

नका घेऊ. मी फाउंडेशनच्या मुलांना टू-डी डिझाइन, म्हणजे सपाट कागदावरची रचना, शिकवते. अशा पेट्या दर जूनमध्ये वर्गात येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे रंग उघडलेलेही नसतात. पेटीत रंग भरपूर, ब्रश नावापुरते आणि कागद अजिबात नाही. पैसे घालायचा क्रम नेमका उलटा हवा: आधी कागद, मग ब्रश, उरलं तर रंग.

तुमच्या वॉटरकलरला ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद घ्या. दीडशे जीएसएमच्या कार्ट्रिजवर (साध्या ड्रॉइंगच्या कागदावर) भरपूर पाणी पडलं की तो फुगतो, रंग खळग्यांत जाऊन बसतो, आणि माणूस समजतो की आपल्याला वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) जमत नाही. पॅड महाग पडतं. सुटी इंपिरियल शीट घ्या, २२ बाय ३० इंचांची. तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चे चार कागद मिळतात, सरावाला तेवढा आकार पुरे. मुलीचं पेन्सिल ड्रॉइंग आणि स्टिल लाइफचे (मांडून ठेवलेल्या वस्तूंचे) कच्चे अभ्यास मात्र साध्या कार्ट्रिजवरच होतील, तो डझनाने आणा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक भावात मिळतो. दुकानदार गुंडाळीला घट्ट रबर लावत असेल तर लावू देऊ नका. कडेला वळ पडतो आणि रंग दिला की नेमका तोच उठून दिसतो.

आता ब्रश. नव्या ब्रशला खळ लावलेली असते, त्यामुळे दुकानात प्रत्येक ब्रशचं टोक सुईसारखं दिसतं. दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा (ओळखीचा असेल तर देतो, नसेल तर तोंड वाकडं करून देतो). ब्रश बुडवून खळ धुऊन काढा आणि मनगटाने एकदा झटका. केस एकत्र येऊन टोक झालं तर घ्या. दोन फाटे फुटले तर परत ठेवा. मग ओलं टोक नखावर हलकं दाबून सोडा. ते सरळ व्हायला हवं, वाकलेलं राहिलं तर रेषा तुमच्या ताब्यात राहणार नाही. चांगले सिंथेटिक राउंड ४, ८ आणि १२ नंबर, शिवाय एक इंचाचा फ्लॅट, एवढ्यात वर्ष निघतं. तेलरंगाचे राठ, डुकराच्या केसांचे ब्रश पहिल्या वर्षी लागत नाहीत.

अजून एक. 'सर, खास माल आहे' म्हणत कोणी तपकिरी केसांचा ब्रश काढला तर केस नीट बघा. टोकाला गडद, मध्ये फिकट पिवळसर आणि खाली पुन्हा गडद असे पट्टे दिसले तर तो मुंगसाच्या केसांचा असू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशची खरेदी-विक्री गुन्हा आहे. या केसांसाठी प्राणी मारले जातात हे तर आहेच. जुने चित्रकार त्या ब्रशची तारीफ करतात, त्यांना करू दे.

रंगांत दोघांचे रस्ते वेगळे. तुम्हाला पारदर्शक वॉटरकलर, मुलीला टू-डीसाठी पोस्टर कलर. पोस्टर अपारदर्शक असतो, म्हणून सपाट रंग त्यात येतो. बारा बाटल्यांच्या संचाऐवजी सुट्या घ्या: लेमन यलो, क्रिमसन, व्हर्मिलियन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, काळा, आणि पांढऱ्याची सगळ्यात मोठी बाटली, कारण टिंट्सच्या (पांढरा मिसळून केलेल्या फिकट छटांच्या) पहिल्याच असाइनमेंटला पांढरा संपतो. लाल दोन का? अल्ट्रामरीनमध्ये व्हर्मिलियन घातला की जांभळा मातकट होतो, क्रिमसन घातला की स्वच्छ निघतो. हिरवे-तपकिरी तिने मिसळूनच काढायला हवेत, शिक्षक तेच बघतात.

पोस्टर कलर ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ हवा. पातळ झाला की ढग उठतात, दाट झाला की ब्रशचे पट्टे दिसतात आणि सुकल्यावर तडे जातात. मिसळलेली छटा पूर्ण शीटला पुरेल इतकी एकदाच करायची आणि झाकणाच्या डबीत ठेवायची. ओला रंग आणि सुकलेला रंग एक दिसत नाहीत, त्यामुळे तीच छटा दुसऱ्यांदा जुळवताना रात्र जाते. आधी कागदाच्या तुकड्यावर लावून सुकू द्या, मग ठरवा.

ब्रँडवरून डोकं शिणवू नका. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या आणि आता जपानच्या कोकुयोकडे असलेल्या कॅम्लिनचे स्टुडंट रंग दोघांना पुरेसे आहेत. आर्टिस्ट ग्रेडमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, किंमतही. तुम्हाला हौस असेल तर एखादी अल्ट्रामरीनची ट्यूब त्यातली घेऊन फरक बघा.

पेन्सिली एचबी, २बी, ४बी, ६बी, आणि भूमितीला एक २एच. शार्पनरने टोक आखूड होतं, शेडिंगला ब्लेडने लांब टोक काढायला शिकवा. साधं पांढरं खोडरबर आणि एक मळता येणारं मऊ पुटी रबर. स्केल स्टीलचीच घ्या, प्लास्टिकची पहिलाच माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) कापताना कटरने सोलली जाते.

ड्रॉइंग बोर्ड हाफ इंपिरियल पुरे. पूर्ण इंपिरियल बोर्ड घेऊन मुलगी सकाळच्या लोकलमध्ये चढू शकणार नाही, आणि चढली तर बाकीचे तिला उतरवतील. पोर्टफोलिओ बॅग पहिल्या दिवशीच लागेल. रंग आणि थ्री-डीचं सामान शिक्षकांची यादी हातात आल्यावर आणा, दर कॉलेजची थोडी वेगळी असते.

आणि ब्रशच्या दांड्यांवर नाव घाला. वर्गात सगळ्यांचे ब्रश सारखेच असतात, आणि १२ नंबरला पाय लवकर फुटतात.