क्रँकचं ऑइल सील हातोडीने ठोकून बसवलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की मारुती ८०० चं पुढचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी) नवं टाकलं, तरी चार दिवसांत पुलीमागून तेल गळायला लागलं आणि मिस्त्री म्हणतो, ‘सील डुप्लिकेट असेल.’ असेलही. पण त्याने ते बसवलं कसं, हे आधी विचारा. सीलवर सॉकेट पान्याचा गोल तुकडा ठेवून हातोडी मारली असेल, तर माझा संशय सीलवर नाही, हातोडीवर.

माझं पहिलं सील मीही असंच ठोकलं होतं. एक बाजू आत गेली, दुसरी वर राहिली; ती दाबावी तर पहिली आणखी आत. शेवटी वरून तरी सरळ दिसलं. आठवड्याने उघडलं तेव्हा लिपमागची (लिप म्हणजे शाफ्टला टेकणारी सीलची रबरी कड) बारीक गोल स्प्रिंग खाचेतून सुटून शाफ्टवर लोंबत होती. लिपला शाफ्टवर आवळून धरते ती हीच. ती सुटली की सील नावापुरतंच.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर सील दाबून बसवायचा नायलॉनचा ड्रायव्हर करून घेतला. दिसायला जाड टोपण. बाहेरचा व्यास सीलपेक्षा किंचित कमी, आतून पोकळ, म्हणजे दाब फक्त सीलच्या बाहेरच्या कडेवर. क्रँकमध्ये पुलीच्या बोल्टच्याच आट्यांचा लांब स्टड, त्यावर ड्रायव्हर, जाड वॉशर आणि नट. नट पाव-पाव फेरा आवळत जायचा. सील चहूबाजूंनी एकसारखं सरकतं, ठकठक नाही की धक्का नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा इतकं सोपं कसं झालं म्हणून मलाच शंका आली!

त्याआधी जुनं सील किती खोल होतं ते मोजून ठेवा. शाफ्टवर पुली अडकवणाऱ्या चावीची जी खाच असते, तिच्यावर टेप लावा, नाहीतर तिची धार नवी लिप कापते. लिपला इंजिन ऑइलचं बोट फिरवा. जुन्या लिपने शाफ्टवर चर पाडली असेल (नखाला लागते), तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवता येतं का बघा.

सील सरळ बसूनही गळतंच असेल तर ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला (क्रँककेसमधला) वायू बाहेर सोडणारी नळी तपासा. ती चोंदली की क्रँककेसमधला दाब सीलवर येतो. आणि टायमिंग बेल्टवर तेल उडालं असेल तर तोही बदलाच, तेलाने रबर खराब होतं.

काढलेलं सील मात्र फेकू नका. उलटं करून स्प्रिंग जागेवर आहे का ते मिस्त्रीसमोरच बघा.