निबंधाची सवय मोडावी लागेल

प्रिय मित्रा,

माध्यमलेखनाच्या पहिल्या सत्रात छान लिहायला शिकवतील असं धरून जाशील, तर पंधरवड्यातच हिरमोड होईल. तिथे आधी छाटायला शिकवतात. निबंधात बक्षिसं मिळवलेलेच जास्त अडखळतात; त्यांचा हात प्रस्तावनेला सरावलेला असतो.

सुरुवात इंट्रोपासून, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदापासून. एक वाक्य, फार तर दोन, २५-३० शब्द. एखाद्या बैठकीची टिपणं हातात देतील आणि निम्मा वर्ग लिहील: 'ग्रंथालय समितीची बैठक सोमवारी झाली. अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले. विविध विषयांवर चर्चा करण्यात आली.' तीन वाक्यं झाली, बातमीचा पत्ता नाही. ती टिपणांच्या तळाशी दडलेली असते: 'परीक्षा संपेपर्यंत ग्रंथालय रात्री ११ वाजेपर्यंत उघडे राहणार आहे. ग्रंथालय समितीने सोमवारी हा निर्णय घेतला.' कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सगळं पहिल्याच वाक्यात कोंबू नकोस. वाचकाला ज्याने फरक पडतो ते वर, बाकीचं उतरत्या क्रमाने खाली. हाच उलटा पिरॅमिड. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून शेवटचा परिच्छेद हाताने झाकून बघ. बातमी तरीही पुरी वाटली पाहिजे.

वरच्या उताऱ्यातलं 'करण्यात आली' पाहिलंस? मराठी बातमीतली ही जुनी खोड. कर्ता गायब होतो, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच तो ठाऊक नसतो. मग वाक्य सजवू नकोस, फोन लाव.

'म्हणाले' चारदा आलं की ते बदलावंसं वाटेल. पण 'कबूल केले' लिहिलंस की माणूस दोषी ठरतो, 'स्पष्ट केले' लिहिलंस की त्याचं म्हणणं खरं ठरतं. 'म्हणाले' कंटाळवाणं असतं, असू दे.

गुण सगळ्यात जास्त जातात ते नावांवर आणि आकड्यांवर. नाव ज्याचं त्याच्याकडूनच वहीत लिहून घे. टक्केवारी स्वतः पुन्हा काढ. 'शिक्षक दिन'चा 'शिक्षक दीन' झाला तर संगणक हूं की चूं करणार नाही, दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

पुढे फोटोओळी, प्रसिद्धिपत्रक येईल, ते निभतं. रेडिओची संहिता मात्र वेगळी. सेकंदाला साधारण दोन शब्द धर, म्हणजे अर्ध्या मिनिटाला ६०. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, म्हणून कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर. ४,९८७ ऐवजी 'सुमारे पाच हजार'.

बरंचसं लेखन वर्गातच, घड्याळ लावून होईल. ४० मिनिटं असतील तर ५ टिपणांवर खुणा करायला, २५ लिहायला, उरलेली १० ओठ हलवत वाचायला. ही शेवटची १० सगळे खाऊन टाकतात.

पहिला कागद लाल शाईने माखून परत येईल. गुण बघून घडी घालू नकोस. कोणती खूण दोनदा आली ते मोज, आणि पुढच्या वेळी त्या १० मिनिटांत आधी तीच शोध.