वडील तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. हा वयाचा विसराळूपणा की डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात?

नाव आठवत नाही, चष्मा सापडत नाही, पण थोड्या वेळाने आठवतं किंवा सापडतो, हे बहुधा वयाचं. काळजी वाटावी ती प्रसंगच पुसला जातो तेव्हा: सकाळचं बोलणं संध्याकाळी आठवत नाही, आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतला नव्या आठवणी नोंदवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर बाधित होतो, म्हणून नवीन नोंद नीट होत नाही आणि जुन्या आठवणी मात्र सुरुवातीला बऱ्याच शाबूत राहतात. 'त्यांना लहानपणीचं सगळं आठवतं' म्हणून घरचे निर्धास्त राहतात, तिथेच उशीर होतो.

व्यवहाराकडे बघा. गोळ्या दोनदा घेणं, हिशेबात घोळ, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं. दोन-तीन आठवडे तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे सोबत जा, कारण रुग्णाला स्वतःला हे अनेकदा जाणवतच नाही. चारचौघांत परीक्षा घेऊ नका, प्लीज.

बी१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, सोडियम, साखर तपासून घ्या. नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा जुन्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या यांनीही स्मृती मंदावते आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. डॉक्टर ३० गुणांची छोटी चाचणी घेतील. उच्चशिक्षित माणूस सुरुवातीला तीत चांगले गुण मिळवू शकतो, म्हणून तुमच्या नोंदी दाखवाच.

गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक वाढला, तर संसर्ग, पक्षाघात, पडल्यानंतरचा मेंदूतला रक्तस्राव अशी कारणं असू शकतात. लगेच रुग्णालयात न्या.