कावळ्याच्या घरट्यातला कोकिळ

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. वय 27, पुण्यात टेस्टिंगचा जॉब, आणि जीव अडकलाय मिरजेत, कारण दिवाळीत मैत्रिणीबरोबर तिचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन गेलीस आणि तीन तास त्या दुकानातून हललीच नाहीस. आता कुणीतरी तुला कोंबड्यांत वाढलेल्या गरुडाची गोष्ट फॉरवर्ड केली आणि तू विचारतेस, मावशी, मी पण गरुडच का, सगळं सोडून तंबोरे घडवायला उडू का?

खरं सांगू, मला ती गोष्ट आवडत नाही. त्यात घरचे सगळे कोंबड्या होतात गं. तुझं एज्युकेशन लोन फेडणारे आईबाबा काय उकिरडा उकरत बसले होते?

त्यापेक्षा कोकिळाचं बघ. मादी अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, कावळे ते पिल्लू आपलंच समजून भरवतात, दिवसभर त्याच्या कानावर काय तर काव काव, तरी तो नर मोठा झाला की कुहूच करतो, कुणी न शिकवता. पण कावळ्याने भरवलं म्हणून तो गाण्याइतका मोठा झाला ना.

फक्त एक आहे, कोकिळाला गळा आयता मिळतो, तुला हात तयार करावा लागेल. तंबोऱ्याचे भोपळे नुसते वाळायलाच महिने जातात, आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, किती घासली की जवारी, म्हणजे तारेची ती भरदार गुंज, बोलते हे कानाला कळायला वर्षं लागतात. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. ते काम आटत गेलं तसे 19व्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तुझी बारीक चूक हेरायची सवय पण वाया जाणार नाही, बेसूर कुठे होतंय तेच तर शोधायचंय.

म्हणून जॉब आत्ता सोडू नकोस. शुक्रवारी रात्रीची ट्रेन पकड, सहा महिने शनिवार तिथे काढ. बऱ्याच घरांत हे काम बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे आधी नाहीच म्हणतील, तरी जा, लाकूड घासायला दिलं तर तेच मन लावून घास.

आणि बाबांशी बोलताना सुरुवात ‘मला जॉब सोडायचाय’ अशी करू नकोस, आधी एक तंबोरा त्यांच्यासमोर छेड आणि तारेखालचा जवारीचा दोरा जरासा सरकवला की आवाज कसा उघडतो ते त्यांना ऐकव.